वस्तीतल्या मुलांना शिकवायला जातोय, पण मुलंच येईनात (सोलापूर)

होटगीरोडकर | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. धागा काढायची पहिलीच वेळ, सांभाळून घ्या.

मार्चअखेर बँकेतून निवृत्त झालो. पहिले दोन महिने झोपा काढण्यात आणि घरातल्या कपाटांच्या बिजागऱ्या नीट करण्यात गेले. मग बायकोनेच सांगितलं, बाहेर काहीतरी काम बघा. ओळखीच्या एका कार्यकर्त्याने पूर्व भागात, नीलम नगरच्या पलीकडे, समाजमंदिराची खोली मिळवून दिली. वस्ती यंत्रमाग कामगारांची, घरोघरी बायका विड्या वळतात. पंधरा जूनपासून सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी पाच ते साडेसहा, मी तिथे तिसरी ते सातवीच्या मुलांना गणित आणि मराठी शिकवतोय. फुकट. फळा माझा, खडू माझे, वह्याही मीच आणल्या.

पहिल्या दिवशी २६ मुलं होती. आठवड्याने १९. मग ११. गेल्या गुरुवारी तीन, आणि त्यातलं एक चार वर्षांचं, बहिणीच्या कडेवर बसून आलेलं. ते फळ्यापाशी येऊन खडू खायला लागलं. मी बहिणीला म्हटलं, याला घरी ठेवून येत जा. शुक्रवारी तीही आली नाही.

घरोघरी जाऊन आलो. सगळ्या आया "पाठवतो की सर" म्हणतात. चहा पाजतात. पाठवत नाहीत.

माझं काय चुकतंय? की या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही? कोणी असं काम केलं असेल तर अनुभव सांगा.

रिकामटेकडा | रविवार, रात्री ९.५२

बँकेतला माणूस संध्याकाळी पाचला काम सुरू करतो हे वाचून डोळे पाणावले.

(काका, गंमत हो. चांगलं करताय. बसलोय इथंच वाचत.)

पुण्यात_अडकलेला | रविवार, रात्री १०.१५

खूप छान उपक्रम! मी मूळचा जुळे सोलापूरचा. मुलाची जुनी दप्तरं, दोन कंपास, अर्ध्या कोऱ्या वह्या आहेत, पुढच्या फेरीत आणून देऊ का? आणि तासाला येणाऱ्या प्रत्येकाला बिस्किटाचा पुडा द्या. हमखास गर्दी होईल.

कुंभारीकर | रविवार, रात्री ११.०३

"या लोकांना" म्हणजे कुणाला बे?

राग मानू नका काका, वयाने मोठे आहात. पण मी "या लोकां"पैकीच आहे. आई अजून विड्या वळते. आधी आम्ही अशोक चौकाजवळ दहा बाय दहात सहा जण होतो, मग कुंभारीला गोदूताई विडी घरकुलात आलो. दहा हजार घरं हायत तिथं, सगळी विडी कामगार बायकांची. मी आता पुण्यात नोकरीला.

तुम्ही पाचची वेळ ठेवली. पाचला आमच्या घरात काय चालायचं ते सांगतो. सकाळी कारखान्यात माल द्यायचा असतो. हजार विड्या पुऱ्या झाल्या नाहीत तर मजुरी कमी. त्यामुळं संध्याकाळी नुसती घाई. आई वळायची, मोठी बहीण पान कापायची, मी आणि धाकटी विडीची तोंडं मिटून पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधायचो. हाताला तंबाखूचा वास इतका की शाळेत शेजारचा पोरगा बाक बदलून बसायचा. तुमच्यासारखे एक सर आमच्याकडं पण आले होते. चांगले होते. तेही पाचलाच यायचे.

आईला शिक्षणाची किंमत नसती तर मी इथं टाइप करत बसलो नसतो. तिला पाच वाजताची किंमत जास्त माहीत होती, एवढंच.

रिकामटेकडा | रविवार, रात्री ११.०९

कुंभारीकर, टाळ्या. आता काकांना झोप लागत नाही बघा.

होटगीरोडकर | सोमवार, सकाळी ६.३०

खरंच लागली नाही. "या लोकांना" हे शब्द मागे घेतो. धाग्यात दुरुस्ती करणार नाही, राहू दे तसंच.

पण मग वेळ कुठली? सकाळी शाळा. दुपारी ऊन आणि पत्र्याची खोली. रात्री मुलींना पाठवतील का?

मास्तरीण | सोमवार, दुपारी ४.४५

होटगीरोडकर, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत १९ वर्षं शिकवतेय, दक्षिण सोलापूर तालुक्यात. वेळेचं कुंभारीकरांनी सांगितलंच. वर्गाचं मी बोलते.

तिसरी ते सातवी एकत्र बसवून काय शिकवता? पाठ्यपुस्तकातला धडा? मग तिसरीतल्याला कळत नाही आणि सातवीतल्याला कंटाळा येतो असं तुम्हाला वाटत असेल. बहुतेक वेळा उलटंच निघतं. सातवीतल्यालाच वाचता येत नसतं आणि ते तिसरीतल्यांसमोर उघडं पडेल या धास्तीने तो येणं बंद करतो.

एक करून बघा. प्रत्येकाला एकेकटं बाजूला घ्या, इतरांना ऐकू जाणार नाही असं. आधी दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट वाचायला द्या. नाही जमली तर चार ओळींचा परिच्छेद. तोही नाही तर सुटे शब्द. तेही नाही तर अक्षरं. जिथे अडकला तिथून त्याची सुरुवात. असर ही मुलांना किती लिहिता-वाचता येतं याची पाहणी. तिची माणसं २००५ पासून खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन जी चाचणी घेतात ती साधारण अशीच आहे, पाच मिनिटांचं काम. मग इयत्ता विसरा आणि अक्षरवाले, शब्दवाले, गोष्टवाले असे गट करा. "प्रथम" या संस्थेने हीच पद्धत वर्षानुवर्षं वापरली आहे, आम्हीही शाळेत वापरतो.

मात्र गटाला "कच्चे" "पक्के" म्हणू नका. माझ्या वर्गात गटांची नावं भाकरी, आमटी, शेंगाचटणी अशी आहेत. मुलांनीच ठेवली. शेंगाचटणीत जायला सगळे धडपडतात.

आणि धाकट्याला घरी ठेवून ये म्हणालात तिथे ती मुलगी गेलीच. तिला तास हवा असेल तर तो कडेवरचा पण हवा. त्याला फरशीवर खडू द्या.

शेंगाचटणी | सोमवार, संध्याकाळी ५.२०

मास्तरीणबाईंच्या वर्गातला सर्वोच्च गट माझ्या नावाचा आहे हे नम्रपणे नोंदवते.

काका, अजून एक. ती मुलं घरी कुठली भाषा बोलतात? पूर्व भाग म्हणजे निम्म्याहून जास्त घरांत तेलुगू असणार. मी कन्ना चौकाजवळ दोन वर्षं मैत्रिणीबरोबर शनिवार-रविवारी गोष्टी वाचायला जायचे. पहिले तीन महिने एक पोरगी प्रत्येक प्रश्नाला मान खाली घालून काहीतरी पुटपुटायची. मला वाटायचं घाबरते. मैत्रीण तेलुगू बोलणारी पद्मशाली, तिने कान दिला तर ती पोर म्हणत होती "अक्का, नाकु रादु". मला येत नाही. त्यानंतर मी आधी त्यांच्याकडून ओकटी, रेंडू, मूडू शिकले. माझे उच्चार ऐकून खोली हसून लोळायची. पण तिथून ती बोलायला लागली.

स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा सगळ्या भाषांतल्या चित्रगोष्टी फुकट आहेत. एकच गोष्ट दोन भाषांत छापून घ्या आणि शेजारी शेजारी ठेवा.

उर्दूवाली | सोमवार, संध्याकाळी ६.०२

शेंगाचटणी +१. आमच्या विजापूर वेशीकडे हेच, फक्त भाषा दखनी. शाळेत उर्दू किताबी, घरात "हौ", "नक्को", गल्लीत मराठी, टीव्हीवर हिंदी. मुलं चार भाषांत भांडू शकतात आणि एकीतही परिच्छेद वाचता येत नाही.

आपल्या जिल्ह्यातले रणजितसिंह डिसले आठवा. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवायचे. त्यांचे पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड सगळ्यांना माहीत आहेत. पण पुस्तकं मुलींच्या घरच्या भाषेत नाहीत म्हणून त्यांनी आधी मजकूर मुलींच्या भाषेत आणला, हे लोक विसरतात. कोड नंतर आले.

पुण्यात_अडकलेला | सोमवार, संध्याकाळी ६.३०

२०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार! दहा लाख डॉलर, आणि त्यातले निम्मे त्यांनी बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून टाकले होते. अभिमान वाटतो.

दप्तरांचं कोणी बोललंच नाही. आणू का?

डाव्याहाताचा | सोमवार, रात्री ८.१८

थोडं कडू बोलतो. हे सगळं सरकारचं काम आहे. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण, कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. तुम्ही-आम्ही संध्याकाळी खडू घेऊन गेलो की शाळेची जबाबदारी सुटते. निवृत्तांचा वेळ जातो, फेसबुकला फोटो मिळतो, दोन महिन्यांनी सगळे आपापल्या घरी. सगळ्यांत जास्त नुकसान त्या मुलांचं, कारण "सर येणार" म्हणून बसलेलं पोर एकदा फसलं की पुढच्या कुणाकडेही जात नाही. आणि इथे पोरं विड्या वळतात असं लोक अभिमानाने लिहितायत. याला बालमजुरी म्हणतात.

कुंभारीकर | सोमवार, रात्री ८.४०

अभिमानानं कुठं लिहिलंय दाखव. वास येतो म्हणून बाक बदलला असं लिहिलंय मी.

रिकामटेकडा | सोमवार, रात्री ८.४१

धागा तापला. गड्ड्याच्या जत्रेत मौत का कुआँ बघतोय असं वाटूलालंय.

वकीलतात्या | सोमवार, रात्री ९.५५

दोघांनी शांत व्हा. डाव्याहाताचा म्हणतो ते कायद्याने बरोबर आहे. विडी वळणं हे १९८६ च्या कायद्यापासून बालकांना बंदी असलेल्या कामांच्या यादीत आहे. २०१६ च्या दुरुस्तीने शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदत करायची मुभा दिली, पण धोकादायक कामांत नाही. आता व्यवहार. होटगीरोडकरांनी पहिल्याच महिन्यात उंबऱ्यात उभं राहून हे कलम वाचून दाखवलं तर आया चहाही पाजणार नाहीत. कारखान्यात, हॉटेलात, भट्टीवर मूल राबताना दिसलं तर १०९८ ला फोन करा, दुसरा विचार करू नका. घरात कट्टे बांधणाऱ्या पोराच्या बाबतीत मात्र त्याचं शाळेत जाणं रोजचं होईल हे बघा. जितकं रोजचं, तितका हात त्यातून सुटतो.

दुसरं, न विचारता सांगतो. एकट्या पुरुषाने बंद खोलीत वर्ग घेऊ नये. दार उघडं ठेवा, वस्तीतली एखादी बाई रोज बसू दे, भले ती तिथेच पान कापत बसली तरी. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो कुठेही टाकू नका. हे तुमच्या आणि मुलांच्या दोघांच्याही भल्याचं.

होटगीरोडकर | सोमवार, रात्री १०.२०

फोटो मी एकच टाकला होता, नातेवाइकांच्या ग्रुपवर. काढला.

डाव्याहाताचा, दोन महिन्यांनी मी घरी जाणार हे तुम्ही गृहीत धरलंत. कदाचित जाईनही. अजून गेलेलो नाही.

ज्येना_साखरपेठ | मंगळवार, पहाटे ५.१०

मी वयाने सगळ्यांत मोठा असेन. वडील गिरणीत होते. आमच्या घराला घड्याळ नव्हतं, भोंगा होता. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. गिरण्या बंद पडल्या तेव्हा माझी चार भावंडं शाळेतून निघाली, एकेक करून, कुणी काढली नाहीत. फी नव्हती, पुस्तकं मिळत होती, तरी निघाली. धाकट्याला विचारलं तर म्हणाला, "दादा, सगळे कामाला चाललेत, मी एकटा दप्तर घेऊन कसा जाऊ?" गल्लीतल्या एका कंपाउंडरने त्याला दोन वर्षं रोज सकाळी शाळेच्या फाटकापर्यंत पोचवलं. शिकवलं काहीच नाही, त्याला स्वतःला इंग्रजी यायचं नाही. नुसता सोबत चालायचा. धाकटा मॅट्रिक झाला.

विषयांतर झालं असेल तर माफी.

मास्तरीण | मंगळवार, सकाळी ७.१५

आजोबा, हे विषयांतर नाही.

होटगीरोडकर, तुमची ही मुलं दिवसा शाळेत जातात का, ते तुम्ही लिहिलंच नाही. संध्याकाळचा तास नंतर बघू. त्यांच्या शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला भेटा. तक्रार करायला नको, "मी अमुक वस्तीत बसतो, तुमच्या वर्गातली ही पाच मुलं माझ्याकडे येतात, कुणाला काय अडतं?" एवढंच विचारा. हजेरीपटावर बघा कोण कुठल्या वारी गळतं. मला वर्गातला हजेरीपट बघून घरची गोष्ट कळते. एक मुलगी दर सोमवारी गैरहजर. आईचा बाजाराचा दिवस. दुसरा पोषण आहाराची खिचडी खाऊन पळायचा, म्हणून गणिताचा तास मी खिचडीच्या आधी आणला.

शेंगाचटणी | मंगळवार, सकाळी ८.००

आणि पाणी! पाण्याचं कोणी बोललंच नाही. सोलापूरकर असून!

काही दिवसांआड नळ येतो. ज्या दिवशी ज्या गल्लीला पाणी, त्या दिवशी त्या गल्लीतली मुलगी ना शाळेत ना तासाला. घागरी, बॅरल, पिंप, टब, सगळं भरायचं, आई विड्यांवरून उठू शकत नाही. आमच्या शनिवारच्या गोष्टींना काही शनिवारी कुणीच यायचं नाही. आम्ही म्हणायचो, गोष्टी आवडेनात वाटतं. एका आजीने सांगितलं, "आज पाणी हाय की गं." मग आम्ही पाण्याचं वेळापत्रक दाराला चिकटवलं आणि त्यावरून तास ठरवायला लागलो.

रिकामटेकडा | मंगळवार, सकाळी ८.०६

उजनी धरण आणि मराठी शुद्धलेखन यांचा थेट संबंध आज कळला.

होटगीरोडकर | मंगळवार, सकाळी ८.३०

थांबा. गेला गुरुवार, तीन मुलं. समोरच्या गल्लीत बायकांची नळावर भांडणं चालू होती, मी खिडकी लावून घेतली होती आवाज नको म्हणून.

आज शाळेत जातो.

पुण्यात_अडकलेला | मंगळवार, दुपारी १.१०

पैशांचं काय? म्हणजे मला वेळ देता येणार नाही, पण दरमहा थोडी रक्कम देऊ शकतो. एखाद्या मुलाला "दत्तक" घ्यावं म्हणतो.

कुंभारीकर | मंगळवार, दुपारी १.३२

दादा, चांगल्या मनानं म्हणताय ते कळतंय. पण "दत्तक" शब्द नको. आईबाप जिवंत असतात त्याचे.

पैसे द्यायच्या आधी जे हक्काचे आहेत ते मिळालेत का बघा. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राची शिष्यवृत्ती हाय, पहिलीपासून. लहान वर्गाला वर्षाला हजार, पुढं व्यावसायिक शिक्षणाला पंचवीस हजारांपर्यंत. फॉर्म ऑनलाइन, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. आईचं विडी कामगार ओळखपत्र, मुलाचं बँक खातं, आधार जोडलेलं. इथंच घोडं अडतं. आधारवर नाव एक, शाळेत एक, पासबुकात तिसरंच. आमच्यात आडनाव आधी, वडिलांचं नाव मध्ये, कुणी तेलुगू लिहितं तसं लिहितं, कुणी मराठी. माझ्या बहिणीचा फॉर्म दोन वर्षं या एका अक्षरापायी परत आला. निवृत्त बँकवाल्या माणसानं गणित शिकवण्याआधी पासबुकं नीट करून दिली ना, तर आया स्वतः पोरांना आणून बसवतील.

आठवीत असेल तर एनएमएमएस या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवा. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला बारा हजार. उत्पन्नाचा दाखला साडेतीन लाखांच्या आतला लागतो. मला मिळाली होती. तेव्हा रक्कम निम्मी होती. त्या पैशात आईनं आधी मिक्सर घेतला. मी भांडलो होतो तिच्याशी. तिचा रोजचा तासभर वाचला म्हणून संध्याकाळी माझ्या वाट्याचे कट्टे ती बांधायला लागली.

मास्तरीण | मंगळवार, दुपारी ४.५०

मिक्सरचं वाचून थांबले दोन मिनिटं.

डाव्याहाताचा | मंगळवार, रात्री ९.०५

कुंभारीकर, काल जरा जास्त बोललो. सोड.

पासबुकाचं मला पटलं. तासाला मी येणार नाही, मला मुलांसमोर उभं राहता येत नाही, हात थरथरतात. पण ऑनलाइन फॉर्म भरायचे असतील तर लॅपटॉप घेऊन येतो रविवारी. होटगीरोडकर, व्यनि (खासगी निरोप) केलाय.

नवखा_मजरेवाडी | बुधवार, सकाळी १०.४०

इथे विचारलं तर चालेल का? आमच्या कामवाल्या मावशी रे नगरला राहायला गेल्या. मुलगा पाचवीत. जुन्या शाळेतून दाखला निघेना, "मागची सही राहिली", "साहेब सुट्टीवर", असं महिनाभर चाललंय. नवीन शाळा म्हणते दाखल्याशिवाय घेणार नाही. मुलगा घरीच.

वकीलतात्या | बुधवार, सकाळी ११.१५

कुंभारीच्या रे नगरचा प्रकल्प तीस हजार घरांचा, पहिल्या पंधरा हजारांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये दिला. म्हणजे असे हजारो मुलगे-मुली शाळा बदलणार हे उघड होतं.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ : दाखला यायला उशीर झाला या कारणाने नवीन शाळा प्रवेश लांबवू किंवा नाकारू शकत नाही. आणि जुन्या मुख्याध्यापकाने मागितल्यावर दाखला लगेच द्यायचा असतो, टाळाटाळ केली तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. जन्मदाखला नसेल तरी अडवता येत नाही, ते कलम १४. एका साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहा, कलम ५ चा उल्लेख करा, दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. पोच द्यायला नकार दिला तर तोच अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. बहुतेक वेळा पोच मागितली की सही सापडते.

मावशींना एकटीला पाठवू नका. तुम्ही सोबत जा. शर्ट खोचून.

रिकामटेकडा | बुधवार, सकाळी ११.२०

शर्ट खोचण्याचं कलम कुठलं तात्या?

वकीलतात्या | बुधवार, सकाळी ११.२४

कायद्यात नाही, सोलापुरात आहे.

उर्दूवाली | शुक्रवार, रात्री ९.३०

ऊसतोडीच्या पोरांचंही बघा कोणीतरी. आता दिवाळीच्या आसपास कारखाने पेटले की टोळ्या येतील, बैलगाड्यांत पोरं. शाळेतून निघताना शिक्षण हमी कार्ड घेऊन आलं तर इथल्या शाळेत बसवता येतं, मार्चमध्ये परत गेल्यावर तिथेही वर्ग चालू राहतो. पण कार्ड घ्यायचं असतं हे आईबापांना सांगायला तिकडेच कुणीतरी हवं. वेगळा धागा काढते.

नवखा_मजरेवाडी | सोमवार, दुपारी २.१५

शर्ट खोचून गेलो. पोच मागितली. दाखला चाळीस मिनिटांत मिळाला. मुलगा उद्यापासून शाळेत. तात्या, तुम्हाला हुरडा लागू.

होटगीरोडकर | बारा दिवसांनी, रात्री १०.०५

उशीर झाला लिहायला. काय काय झालं ते सांगतो.

शाळेत गेलो होतो. बाई आधी दबकल्या, मी शिक्षण खात्याचा माणूस असावा असं त्यांना वाटलं. नंतर त्यांनीच यादी काढून दिली. माझ्या २६ पैकी चार जण महिनाभर शाळेतच नव्हते. मला पत्ता नव्हता. त्यातले दोघे आता जातात. सकाळी सव्वासातला मी वस्तीच्या कोपऱ्यावर उभा असतो आणि शाळेपर्यंत त्यांच्याबरोबर चालतो. ज्येना, ही तुमच्या कंपाउंडरची कृपा. एक जण वीटभट्टीवर मामाकडे गेलाय, त्याचं अजून काही झालेलं नाही. चौथा मला बघितलं की पळतो.

तासाची वेळ रात्री साडेसात केली. आयांनीच ठरवली, कारण तोवर हजार पुऱ्या होतात. एक आजी दारात बसते. डाव्याहाताचा गेल्या रविवारी आले, अकरा फॉर्म भरले, सात पासबुकांतली नावं चुकलेली निघाली. बँकेत मी होतो तेव्हा काउंटरवर आलेल्या बायकांना "नाव जुळत नाही, दुरुस्त करून आणा" एवढं सांगून परत पाठवायचो. कुठून दुरुस्त करून आणायचं ते सांगत नव्हतो. असो.

आता त्या मुलीचं. कडेवर भाऊ असलेली. दोनदा घरी गेलो, तिसऱ्यांदा भेटली. उंबऱ्यात बसून कट्टे बांधत होती, दोरा दाताने तोडायची. मी शेजारी बसलो. वेळ घालवायला म्हणून विचारलं, किती झाले? "तेरा." म्हणजे विड्या किती? तिने हात थांबवलाही नाही, "तीनशे पंचवीस." हजाराला किती कमी? "सत्तावीस कट्टे." मी मनात हिशोब करून बघितला, मला तिच्यापेक्षा जास्त वेळ लागला.

ही मुलगी महिन्यापूर्वी माझ्या फळ्यावर २५ गुणिले ४ ला उभी राहून रडली होती. मी वहीत लाल शेरा मारला होता, "पाढे पाठ नाहीत".

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर गुणाकाराची फुली काढलीच नाही. चार चौकोन काढले, प्रत्येकाच्या कमरेला दोरा. तिने बसल्या जागेवरून उत्तर दिलं आणि मग माझ्याकडे असं बघितलं की, एवढंच होतं होय? आता ती तिसरीतल्या चौघांना भागाकार सांगते, निम्मा तेलुगूत. भाऊ फरशीवर खडूने रेघा ओढतो. खडू अजून खातो, पण कमी.

काल १४ मुलं होती.

कुंभारीकर | बारा दिवसांनी, रात्री १०.२२

दोरा दातानंच तोडतात काका. कात्री उचलायला वेळ कुणाला असतो.

आईला वाचून दाखवलं फोनवर. म्हणली, त्या सरांना सांग, पोरीला सातवीनंतर काढतील, तेव्हा घरी जावा.

होटगीरोडकर | बारा दिवसांनी, रात्री १०.३०

ती आता सहावीत आहे. कॅलेंडरवर लिहून ठेवतो.

पुण्यात_अडकलेला | बारा दिवसांनी, रात्री १०.४१

शनिवारी येतोय सोलापूरला. दप्तरं घेऊन येऊ का, हे शेवटचं विचारतो. नाहीतर मुलाच्या आईने ती भंगारात द्यायची धमकी दिली आहे.

मास्तरीण | बारा दिवसांनी, रात्री १०.५०

आणा. चेन चालू आहे का तेवढं बघून आणा. चेन तुटलेलं दप्तर मुलं घेतात पण शाळेत आणत नाहीत. आणि वह्यांमधली लिहिलेली पानं आधी फाडून टाका, कुणालाही दुसऱ्याचं "छान!" आपल्या वहीत नको असतं.

रिकामटेकडा | बारा दिवसांनी, रात्री १०.५५

काका, मी पण येऊ का उद्या? मला काही शिकवता येत नाही, पण त्या खडू खाणाऱ्यावर लक्ष ठेवू शकतो. आमचं शिक्षण पण तेवढंच झालंय.

होटगीरोडकर | बारा दिवसांनी, रात्री ११.००

उद्या नको, उद्या पाणी आहे. परवा या, साडेसातला.